स्पर्शाची अट: जपानी ॲनिमेतील अलौकिक प्रेमकथा मनाला का भिडतात

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानी ॲनिमेमध्ये, म्हणजे तिथल्या ॲनिमेशनपटांत आणि मालिकांत, कोल्ह्याच्या, भुताच्या, देवाच्या किंवा अर्ध्या राक्षसाच्या प्रेमात पडणाऱ्या माणसांच्या इतक्या गोष्टी का असतात, आणि एरवी भुताखेतांना हसणारा प्रौढ प्रेक्षकही त्यांत इतका का गुंततो? प्रश्नकर्त्याने आपला अंदाजही सोबत दिला आहे की हा सगळा वास्तवापासून पळ काढण्याचा प्रकार असावा. मी ॲनिमेशनसाठी स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रचौकटींतला आराखडा, काढते आणि शिकवते, त्यामुळे माझे उत्तर कारागिराच्या बाजूने आहे. या कथांमध्ये पलायनाचा अंश असेल, नाही असे नाही. पण त्या ज्या खुंटीवर टांगलेल्या असतात ती खुंटी म्हणजे अट. चांगल्या अलौकिक प्रेमकथेत पहिल्या काही मिनिटांतच एक नियम सांगितला जातो, तो अगदी साध्या कृतीवर बंधन घालतो, आणि त्यानंतर ती साधी कृती पडद्यावर नुसती जवळ आली तरी आपला श्वास अडकतो.

या अटीची आजच्या लेखकाला गरज का भासते, हे आधी पाहू. जुन्या प्रेमकथेत अडथळे आयते मिळत असत: घराणे, हुकूमशहा बाप, युद्ध, महिनोन्‌महिने न पोहोचणारे पत्र. आजच्या टोकियोतल्या दोन तरुणांच्या खिशात फोन असतो, त्यांना घरून फारशी आडकाठी नसते, आणि म्हणून त्यांना दूर ठेवण्यासाठी लेखकाला गैरसमज रचावे लागतात. असा गैरसमज प्रेक्षकाला दहाव्या मिनिटाला कळतो आणि विसाव्या मिनिटाला त्याचा संताप येतो, कारण एक वाक्य बोलले असते तर सगळे मिटले असते. अलौकिक अडथळा मात्र बोलून मिटत नाही. त्यात कोणी खलनायक नसतो, कोणाचा हट्ट नसतो, कोणाला दोष देता येत नाही. दोघेही शहाणे आणि प्रामाणिक असूनही त्यांचे जमत नाही. एका आयुष्याची लांबी दुसऱ्यापेक्षा वेगळी असणे हे दुःख माणसांच्या जगातही खरेच असते, फक्त तिथे ते इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच दिसते.

हे सारे पाऊण तासात पाहायचे असेल तर ‘होतारुबी नो मोरी ए’ हा 2011चा चित्रपट पाहावा. युकी मिदोरिकावा यांच्या छोट्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) ताकाहिरो ओमोरी यांनी तो दिग्दर्शित केला आहे. सहा वर्षांची होतारू उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरदेवाच्या रानात वाट चुकते आणि तिला मुखवटा घातलेला गिन भेटतो. माणसाने त्याला स्पर्श केला तर तो नाहीसा होईल, एवढी एकच अट. आता दिग्दर्शक या अटीचे काय करतो ते पाहा. माणूस भेटल्याच्या आनंदात होतारू त्याच्याकडे झेपावते आणि तो तिच्या डोक्यात काठी हाणतो, प्रेक्षक हसतो. मग तीच काठी दोघे दोन टोकांना धरतात आणि तो तिला रानाबाहेर घेऊन जातो. पुढे दर उन्हाळ्यात ती येत राहते, वाढत राहते, तिच्या अंगावर शाळेचा गणवेश येतो, आणि तो जवळजवळ तसाच राहतो. एकदा ती झाडाच्या फांदीवरून पडते. त्याचे हात तिला झेलायला आपोआप पुढे होतात आणि क्षणात मागे येतात. ती झुडपात पडते, तिला खरचटते, आणि ती खूश होते. काहीही झाले तरी मला कधी शिवू नकोस, असे ती त्याला बजावते. शेवटच्या जत्रेत त्या काठीच्या जागी मनगटांना बांधलेली कापडाची पट्टी येते.

काठी, मागे घेतलेले हात, कापडाची पट्टी: एवढ्या तीन गोष्टींत दहा वर्षांचे प्रेम सांगून झाले आहे, आणि ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य लिहिण्याची वेळच आली नाही. शिकवताना मी हा चित्रपट आवाज बंद करून दाखवते, कारण त्याची सगळी रचना दोन आकृत्यांमधल्या अंतरावर झाली आहे आणि ते अंतर चौकटीत मोजता येते. शेवट मी इथे सांगत नाही. एवढेच म्हणते की अट ज्या प्रकारे मोडते तो प्रकार अपघाती असूनही अन्यायाचा वाटत नाही, कारण गिनच्या स्वभावातला चांगुलपणाच तिला कारणीभूत होतो.

ही अट जपानी ॲनिमेच्या कारखान्यात तयार झालेली नाही. माणूस आणि माणूस नसलेला जीव यांच्या विवाहाच्या लोककथा जपानमध्ये फार जुन्या आहेत. बर्फात राहणारी स्त्री, बायको होऊन आलेला जखमी करकोचा, आभाळातून उतरलेली आणि पिसांचे वस्त्र हरवून बसलेली अप्सरा, अशा त्या अनेक आहेत. त्यांतली माझी सर्वांत आवडती कुझुनोहाची. आबे नो यासुना नावाचा माणूस एका पांढऱ्या कोल्हीला शिकाऱ्यांपासून वाचवतो. ती स्त्रीरूपाने येते, संसार करते, त्यांना मुलगा होतो (तोच पुढे आबे नो सेइमेइ हा प्रसिद्ध ज्योतिषी होतो, असे ही कथा मानते), आणि तिचे खरे रूप उघडे पडताच तिला निघावे लागते. 1734मध्ये ओसाकात बाहुलीनाट्य म्हणून ही कथा रंगभूमीवर आली आणि नंतर काबुकी या नटांच्या पारंपरिक नाट्यप्रकारात गेली. काबुकीतल्या निरोपाच्या प्रसंगात नट एका हाताने मूल सांभाळतो आणि कागदी सरकत्या दारावर कवितेच्या ओळी लिहितो, कधी डाव्या हाताने, कधी कुंचला दातांत धरून: आठवण आली तर इझुमीतल्या शिनोदाच्या रानात मला शोधायला ये, अशा अर्थाच्या. संसार आणि रान यांच्यामधली ओढाताण लिहिण्याच्या कृतीतच दाखवण्याची ही युक्ती आजच्या कोणत्याही ॲनिमे दिग्दर्शकाने आनंदाने उचलावी अशी आहे.

मराठी वाचकाला हा साचा परका वाटण्याचे कारण नाही. पुरूरव्याने उर्वशीला विवस्त्र दिसायचे नाही, शंतनूने गंगेला कारण विचारायचे नाही. अट मोडली की ती गेली. उन्हात पाऊस आला की आपल्याकडे कोल्ह्याचे लग्न लागते, तसेच ते जपानमध्येही लागते. आपल्याकडे या कथा पुराणात आणि कीर्तनात राहिल्या. जपानमध्ये त्यांना मांगाने आणि ॲनिमेने नवे, रोजच्या वापरातले घर दिले, एवढाच काय तो फरक.

आणि ते घर अगदी पायाभरणीपासूनचे आहे. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट, तोएइ कंपनीचा 1958चा ‘हाकुजादेन’, हा चिनी दंतकथेवर आधारलेला आहे आणि त्यात एक तरुण आणि स्त्रीरूप घेतलेली पांढरी नागीण यांचेच प्रेम आहे. पुढे नामवंत ॲनिमे दिग्दर्शक झालेले हायाओ मियाझाकी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते; त्यांनी तो पाहिला आणि आपण त्या चित्रातल्या नायिकेच्या प्रेमात पडलो होतो, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. म्हणजे या उद्योगाने पहिले मोठे पाऊल टाकले तेच अलौकिक प्रेमकथेत.

मधल्या काळात एक मोठी उलथापालथ झाली, तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. लोककथेत माणूस नसलेली बहुधा बायको असते. ती येते, राबते, रहस्य उघड झाले की जाते, आणि दुःख नवऱ्याच्या वाट्याला येते. मुलींसाठी निघणाऱ्या मांगाच्या मासिकांत लेखिका मोठ्या संख्येने लिहू लागल्या आणि हा साचा उलटा झाला. आता माणूस नसलेला बहुधा तो असतो: ‘कामिसामा किस’मधला कोल्हा तोमोए, ‘फ्रूट्स बास्केट’मधला शापित क्यो, आणि मुलग्यांच्या साप्ताहिकात आलेल्या ‘इनुयाशा’मधलाही अर्धा राक्षस. मुलगी साधी, शाळेत जाणारी, बऱ्याचदा घर हरवलेली. जाणारी व्यक्ती ती नसून राहण्याचा निर्णय घेणारी ती असते. बाई अलौकिक असली की तिला रहस्य सांभाळावे लागे. पुरुष अलौकिक झाला तेव्हा त्याचे रहस्य तिने पेलायचे की नाही, हा प्रश्न कथेच्या मध्यभागी आला. मुलींना या कथा आवडतात याचे कारण देखणा कोल्हा हेच आहे असे समजणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. (देखणा कोल्हा हेही कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही.)

आता पार्श्वभूमीबद्दल. जपानमध्ये वस्तीला लागून लहान देवस्थाने असतात, इनारी देवाच्या दारात दगडी कोल्हे बसलेले असतात, आणि ओबोनच्या दिवसांत, म्हणजे बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्याला, पूर्वजांचे आत्मे घरी येतात अशी श्रद्धा आहे. त्याच सुमारास शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, मुले आजोळी जातात, गावोगाव जत्रा आणि आतषबाजी असते. त्यामुळे शहरातले मूल, रानातला देव आणि परत आलेला मृत हे तिघे एकाच महिन्यात एकाच गावात भेटणे तिथल्या प्रेक्षकाला ओढूनताणून आणलेले वाटत नाही. ‘आनोहाना’ या 2011च्या अकरा भागांच्या मालिकेत लहानपणी वारलेली मैत्रीण नायकाला उन्हाळ्यातच दिसू लागते, आणि ते गाव सायतामा प्रांतातल्या चिचिबुच्या खऱ्या पुलांवरून आणि देवळांवरून रेखाटलेले आहे. अलौकिक गोष्ट जितकी अविश्वसनीय, तितका रस्ता, रेल्वे स्थानक आणि शीतपेयाचे यंत्र अचूक काढायचे, हा या क्षेत्रातला अलिखित दंडक आहे. चाहते नंतर त्या जागा शोधत जातात, आणि त्या सापडतातही.

चित्राच्या माध्यमाबद्दल मात्र मला जरा विस्ताराने बोलायचे आहे, कारण या कथा जिवंत नटांना घेऊन केल्या की बहुतेक वेळा फसतात. नट खरा आणि भूत संगणकातले असेल तर शिवण दिसते. प्रेक्षकाला सतत कळत राहते की यांतला एकच जण तिथे उभा होता. ॲनिमेशनमध्ये मुलगी आणि भूत एकाच पेन्सिलीने काढलेले असतात, दोघेही तितकेच खरे आणि तितकेच खोटे. त्यामुळे भुतावर विश्वास ठेवण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट काटकसरीतून आली. 1963मध्ये ‘तेत्सुवान आतोमु’पासून साप्ताहिक दूरचित्रवाणी मालिका सुरू झाल्या तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे होते. सेकंदाला चोवीस चौकटी असतात, पण एकच चित्र तीन चौकटींना वापरायचे, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे काढायची, आणि शक्य तिथे चित्र स्थिर धरून ठेवायचे, अशी पद्धत पडली. गरजेपोटी आलेल्या या स्थिरतेचा जपानी दिग्दर्शकांनी पुढे भाषेसारखा उपयोग केला. पात्र थांबते, केस तेवढे वाऱ्याने हलतात, मागे रंगवलेले आभाळ असते आणि सिकाडा किड्यांचा आवाज अचानक बंद होतो. अलौकिक काही तरी आत आले आहे, हे सांगायला एवढे पुरते. तिथल्या स्टोरीबोर्डला ए-कोंते म्हणतात. त्यात प्रत्येक चौकटीशेजारी सेकंद लिहिलेले असतात, आणि थांबण्याचे सेकंदही तितक्याच काटेकोरपणे लिहावे लागतात. दोन हात जवळ येऊन न शिवता थांबले, तर ते दीड सेकंद थांबले की चार सेकंद, यावर त्या दृश्याचे भवितव्य ठरते. विद्यार्थी सुरुवातीला नेहमी कमी वेळ धरतात, त्यांना प्रेक्षक कंटाळेल अशी भीती असते.

लांब मालिकेत अट वेगळ्या रीतीने वापरावी लागते. चित्रपटात ती एकदा मोडून भागते. शे-दीडशे भागांच्या मालिकेत ती रोज वापरता आली पाहिजे. रुमिको ताकाहाशी यांच्या मांगावरची ‘इनुयाशा’ 2000 ते 2004 या काळात 167 भाग चालली आणि उरलेली कथा 2009-10मध्ये 26 भागांत पूर्ण झाली. तिच्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे: अर्धा राक्षस असलेला इनुयाशा अमावास्येच्या रात्री पूर्ण माणूस होतो, दुर्बळ होतो, आणि ही गोष्ट तो सर्वांपासून लपवतो. त्या एका रात्री कथेची नायिका, शाळकरी कागोमे, त्याच्याजवळ असते. महिन्यातून एकदा येणारी ही रात्र लेखिकेला हवी तेव्हा उपयोगी पडते आणि इतर वेळी मारामाऱ्या आणि विनोद चालू ठेवता येतात. तरीही सांगितले पाहिजे की इतक्या लांबीत अटीचा कस कमी होतो. मधल्या भागांत दोघांचे नाते पुढे सरकत नाही, आणि जुनी प्रेयसी किक्यो पुन्हापुन्हा येत राहते.

या बाबतीत मला नात्सुकी ताकाया यांची ‘फ्रूट्स बास्केट’ अधिक भक्कम वाटते, आणि तीही 2019 ते 2021 या काळात 63 भागांत आलेली संपूर्ण आवृत्ती. सोमा घराण्यातल्या काही जणांना भिन्नलिंगी व्यक्तीने मिठी मारली की ते चिनी राशिचक्रातल्या प्राण्यांत, आणि एक जण मांजरात, बदलतात. सुरुवातीला हे निव्वळ हास्यासाठी असते: धूर, उंदीर, मांजर, जमिनीवर पडलेले कपडे. मग हळूच मोमिजी नावाचा आनंदी मुलगा सांगतो की जन्माला आलेले मूल कुशीत घेताच ससा झाले हे त्याच्या आईला सहन झाले नाही, आणि तिने त्याची आठवणच पुसून घेणे पसंत केले. नियम तोच, एक अक्षरही बदललेले नाही; ज्याला आपण हसलो त्याच्याच आत आईने नाकारलेले मूल होते, हे आता कळते. पटकथेच्या दृष्टीने इतके काटकसरी आणि इतके निर्दय काम मी फार थोडे पाहिले आहे.

माकोतो शिनकाई यांच्या चित्रपटांत अट काळाशी जोडलेली असते. ‘किमी नो ना वा’ (2016) मध्ये ताकी आणि मित्सुहा एकमेकांच्या शरीरात जागे होतात आणि जाग आल्यावर एकमेकांची नावे विसरतात. उल्कापाताच्या खळग्याच्या काठावर, सूर्य मावळतानाच्या काही क्षणांत, ते पहिल्यांदा समोरासमोर येतात. विसरू नये म्हणून हातावर नाव लिहायचे ठरते. तो तिच्या तळव्यावर लिहितो, ती त्याच्या तळव्यावर पहिली रेघ ओढते, आणि पेन जमिनीवर पडते, कारण धरणारे कोणी उरलेले नाही. ना किंकाळी, ना संगीताचा भडका, पेनाचा आवाज. पुढे ती धावताना पडते, मूठ उघडते, आणि तळव्यावर नावाऐवजी प्रेमाची कबुली सापडते. म्हणजे त्या मुलाने जी एक गोष्ट करणे आवश्यक होते ती केलीच नाही, आणि तिला नेमके तेच हवे होते.

त्यांच्याच ‘वेदरिंग विथ यू’मध्ये (2019) उलटा हिशेब आहे. पाऊस थांबवणाऱ्या हिनाचा बळी गेला तर टोकियोचे हवामान ठीक होणार असते. नायक तिला परत आणतो आणि शहर बुडते, तीन वर्षे पाऊस थांबत नाही. अनेकांना हा शेवट बेजबाबदार वाटला. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण अटीची किंमत कोणी तरी भरणारच, आणि इथे ती कोणी भरली हे चित्रपट लपवत नाही. भारतातल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवून हा चित्रपट ऑक्टोबर 2019मध्ये इथल्या चित्रपटगृहांत आणवला, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांची या प्रकाराशी मोठ्या पडद्यावरची पहिली ओळख याच वादग्रस्त शेवटाने झाली.

आक्षेपांबद्दलही बोलले पाहिजे. शेकडो वर्षे जगलेला जीव आणि सोळा वर्षांची मुलगी यांच्यातला अनुभवाचा आणि सत्तेचा फरक या प्रकारातल्या बहुतेक कथा सोयीस्करपणे बाजूला ठेवतात. रक्तपिपासू नायकांच्या मालिकांत तर मालकी हक्क, पाळत आणि धमकी यांनाच उत्कटता म्हणून खपवले जाते. ‘व्हँपायर नाइट’ मला याच कारणासाठी पूर्ण पाहवली नाही. ‘तो माणूस नाही, म्हणून त्याला माणसांचे नियम लागू नाहीत’ ही सबब लेखक फार लवकर हाताशी धरतात. माझी कसोटी साधी आहे: अट दोघांना बांधते की एकालाच? गिन आणि होतारू दोघांनाही अंतर राखावे लागते, दोघांनाही त्याची झळ बसते. जिथे सगळी अट मुलीवर आणि सगळी शक्ती पुरुषाकडे असते, तिथे नाव अलौकिक प्रेमकथेचे असले तरी आत जुनाच जाच असतो.

आणि जिथे अट शेवटी कोणतेही कारण न देता उठवली जाते, तिथेही माझा रस संपतो. शेवट सुखाचा असण्याला हरकत नाही. ‘फ्रूट्स बास्केट’चा शेवट सुखाचाच आहे, पण तिथे शाप सुटताना सुटका झालेल्यांनाही एक पोकळी जाणवते, जुने बंधन गेल्याचे रडू येते. याउलट मियाझाकींच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’त (1997) लांडग्यांनी वाढवलेली सान रानात राहते, तिच्यावर प्रेम करणारा आशिताका लोहारांच्या वस्तीत राहतो आणि तो तिला भेटायला येत जाईल असे ठरते. लग्न नाही, वियोगही नाही. ही तडजोड लिहायला सर्वांत अवघड असते, कारण तिच्यात दोन्ही जगांना आपापल्या जागी शाबूत ठेवावे लागते.

नव्याने पाहू इच्छिणाऱ्यांनी ‘होतारुबी’पासून सुरुवात करावी, नंतर ‘किमी नो ना वा’, आणि सवड असेल तेव्हा ‘फ्रूट्स बास्केट’ची 2019पासूनची आवृत्ती. त्या मालिकेचे पहिले पाच-सहा भाग बाळबोध वाटतील, तिथे सोडू नये. ‘इनुयाशा’ लांब प्रवासाला किंवा आजारपणाला ठेवावी. ज्यांना प्रौढ पात्रे हवी आहेत त्यांनी ‘स्पाइस अँड वुल्फ’ पाहावी. त्यात लांडग्याच्या रूपातली जुनी देवता आणि फिरता व्यापारी नाण्यांचे भाव आणि मालाची घासाघीस यांवर बोलत बोलत एकमेकांच्या जवळ येतात, आणि तिच्यापुढे त्याचे आयुष्य किती तोकडे आहे हा विषय दोघेही शक्य तितका टाळतात.